शंभर मैल फिरलेला डबा

मित्रांनो, माझ्या झाकणावर 'चि. सौ. कां. आश्लेषा हिस मावशीकडून' असं कोरलेलं आहे, त्यामुळे माझं वय लपत नाही. मी स्टीलचा, कडीचा डबा. लग्नात मिळालो आणि साड्यांच्या घडीत बसून अमेरिकेत, श्रूजबरीला आलो. आश्लेषाची मुलगी केया शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिची पोळीभाजी मीच नेत असे. पण माझी कडी 'खट्ट' वाजायची आणि सगळा वर्ग वळून बघायचा. केयाला प्लास्टिकच्या पिशव्या आवडू लागल्या. मी गॅरेजमध्ये गेलो आणि माझ्यात खिळे भरले. पोळीची सवय असलेल्याला खिळे पचत नाहीत हो!

निवृत्त झाल्यावर आश्लेषाने सायकल घेतली आणि शंभर मैलांच्या फेरीत नाव घातलं. जाऊबाई प्रीता फोनवर हसल्या. "बघ हं, घरी कुणाच्या तरी गाडीतून येशील!" तेव्हापासून आश्लेषाने मनाशी ठरवलं, पोचायचं ते सायकलवरूनच.

केया तिची कोच झाली. "आई, पायांसारखी पोटालाही प्रॅक्टिस लागते. भूक लागायच्या आधीच थोडं थोडं खायचं." तिने सायकलवाले ताकदीसाठी चोखतात ती गोड, चिकट जेलची पाकिटं आणली. आश्लेषाने एक चाखलं. "शी! खोकल्याचं औषध आहे हे." मग मला शोधून, घासूनपुसून तिने खजूर-शेंगदाण्याचे लाडू आणि मीठ-जिरं लावलेले उकडलेले बटाटे भरले. हँडलपुढच्या पिशवीत मी ऐटीत बसलो.

फेरीच्या दिवशी केयाही आपल्या सायकलवर सोबत निघाली. पहिल्याच थांब्यावर खट्ट! सगळे वळले. आश्लेषाला राहवेना. "घ्या ना, प्लीज, वन मोअर!" पुढच्या थांब्यावर मंडळी मलाच शोधत आली. कौतुकाने मी फुगलो आणि रिकामा झालो. हिने स्वतः मात्र कणही खाल्ला नव्हता.

मोठ्या चढावर हिचे पाय थांबले, हात थरथरू लागले. दमलेल्यांना उचलणारी गाडी शेजारी येऊन उभी राहिली.

केयाने माझी कडी उघडली. आत फक्त जिऱ्याचे दोन दाणे. "आई! यू फेड एव्हरीबडी!"

"अगं, लोकांसमोर एकटीने कसं खायचं?"

केया रस्त्याच्या कडेला बसली आणि तिने जेलची पाकिटं काढली. "मलाही भूक लागलीय. पण तू खाल्ल्याशिवाय मी खाणार नाही."

"हा कसला हट्ट?"

"तुझाच आहे. लहानपणी शिकवलास."

लेक उपाशी! आश्लेषाने डोळे मिटून खोकल्याचं औषध घेतलं, मग आणखी एक. हळूहळू थरथर थांबली आणि गाडी रिकामीच पुढे गेली. तो चढ ती सायकल ढकलत चढली, हे प्रीताला कुणी सांगू नका. शेवटची रेघ मात्र तिने सायकलवर बसूनच ओलांडली.

आता माझी जागा ओट्यावर आहे. लाडू वळले की पहिला आश्लेषाच्या तोंडात जातो. "गोडी बघतेय गं," असं ती म्हणते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या डब्यांत खिळे भरू नका. आणि जी आम्हाला भरून देते, ती जेवली का ते विचारा. ती 'हो' म्हणेलच. तरी तिच्यासमोर बसून राहा.