पळीभर पंचामृत

मी एक जुनी, तळाशी फाटलेली जाळी आहे. मासे धरायची नव्हे. मोटारलॉरीच्या तोंडाशी पाण्याची जाळी असते ना, ती. लॉरीचं इंजिन चालू लागलं की भट्टीसारखं तापतं. त्याच्या अंगावरून फिरून कढत झालेलं पाणी वरून माझ्यात येतं, माझ्या शेकडो बारीक नळ्यांतून खाली उतरतं, समोरचा वारा त्याला निववतो आणि निवलेलं पाणी पुन्हा इंजिनाकडे जातं. एवढंच माझं काम. पण मित्रांनो, ज्या दिवशी ते सगळ्यांत जास्त हवं होतं, त्याच दिवशी ते माझ्या हातून झालं नाही. ते का, हे सांगितल्यावाचून माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तांब्याच्या पातळ पत्र्याच्या नळ्या कथलाने एकमेकींना जोडल्या आणि मी झाले. त्या गावाचं नाव मला आठवत नाही. मुंबईहून आमची लहानशी लॉरी पडावात बसून बाणकोटच्या खाडीतून महाडला आली आणि तिथे हैबतीने ती घेतली. त्याचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीच्या काठच्या वाडीत. महाडहून मीठ, रॉकेल आणि सुकी मासळी घेऊन आम्ही घाट चढायचो आणि वरून गूळ नि बटाटे घेऊन उतरायचो. बरोबर मुरारी असायचा. घाटात गाडी थांबली की चाकामागे दगड लावायचा आणि मला पाणी पाजायचं, ही त्याची कामं. तिशीतला, मिशा राखलेला, मोठा थट्टेखोर माणूस. मी वाफ सोडली की म्हणायचा, "सासूबाय तापल्या रे. थांबा, डोकं निवू दे त्यांचं." माथ्यावर पोचलो की मात्र माझ्यावर हात ठेवून हळूच शाबास म्हणायचा. त्या एका शब्दावर मी दुसऱ्या दिवशीचा घाट चढून जायची.

हैबतीची बायको राहीबाई. तिचा सगळा दिवस नेमांनी बांधलेला. पहाटे विहिरीवर स्नान, देवांना पंचामृताचा अभिषेक, तुळशीला पाणी, गाईला घास. हे झाल्याशिवाय ती घोटभर पाणीसुद्धा घ्यायची नाही. देवांची तांब्याची भांडी आमसुलाने घासून अशी लखलखीत ठेवायची की मला त्यांचा हेवा वाटावा. दोन वर्षांमागे घाटात आमचं मागलं चाक दरीकडे सरकलं होतं. थोडक्यात निभावलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने आणखी एक नेम धरला. अभिषेकाचं उरलेलं पंचामृत पळीत घेऊन यायचं, माझं झाकण उघडायचं आणि "धन्याला सांभाळ गो बाय" एवढं पुटपुटून आत सोडायचं. घरातले तेव्हा निजलेले असत. नवरा हसेल म्हणून तिने त्याला सांगितलं नाही, इतकंच. मनात लपवाछपवी नव्हती.

खरं सांगू? मला ते फार आवडायचं. तिच्या बोटांना चंदनाचा वास यायचा. पण मित्रांनो, दूध, दही, तूप, मध, साखर देवाला चालतात, मला चालत नाहीत. इंजिनाच्या तापाने दूध फाटायचं, साखर करपायची, तूप नळ्यांना आतून धरून बसायचं. एकेक नळी बुजत गेली. मला तोंड होतं, पण वाचा नव्हती. मी नुसती लवकर तापू लागले. मुरारी म्हणू लागला की सासूबाय आता म्हाताऱ्या झाल्या.

गेल्या श्रावणात, एका रविवारी भर दुपारी, पिसाळलेला कोल्हा वाडीत शिरला. राहीबाईची सात वर्षांची लेक आवडी अंगणात वासराला पाणी दाखवत होती. कोल्ह्याने तिला गळ्याखालीच धरलं. शेजाऱ्यांनी काठ्यांनी त्याला मारला, पण दात लागायचे ते लागले होते. आम्ही तिला तशीच महाडला नेली. तिथल्या डॉक्टरांनी जखम औषधाने जाळली आणि हैबतीला गाडीपाशी आणून सांगितलं, की याच्या सुया इथे मिळत नाहीत. घाटावरच्या मोठ्या दवाखान्यात न्या. चौदा दिवस टोचाव्या लागतील. चावा पायाला असता तर अवधी मिळाला असता, हा गळ्याशी आहे, दिवस घालवू नका. एकदा का पोरीला पाण्याचं भय वाटू लागलं, की मग कोणाच्याच हातात काही उरत नाही.

मी पाण्यावर जगणारी. पाण्याचं भय कसं असतं ते मला कळेना. पण मी कढत होते, तरी हैबतीने माझ्यावर टेकलेला हात उचलला नाही.

सोमवारी पहाटे राहीबाई महादेवापुढे बसली. आवडीला पहिली सुई टोचेपर्यंत मौन, असा तिने पण केला. तोंड मिटण्याआधी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला बोलायला लावू नका. मी बोलले तर पोर गेली म्हणून समजा." मग तो पोरीला उचलायला आत गेला, तेव्हा ती नेहमीसारखी माझ्याकडे आली. त्या दिवशी तिने माझ्यात एक सोडून दोन पळ्या पंचामृत ओतलं.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर कोंडलेल्या वाफेने माझा तळ फाटला.

कढत पाणी रस्त्यावर सांडलं, वाफेत समोरचं दिसेना. मुरारीने उडी टाकून चाकामागे दगड लावला. आवडी आईच्या मांडीवर तापाने सुस्त पडली होती. तशीच गाडी वळवून, इंजिन बंद ठेवून, उतारावरून आम्ही घरी आलो. पावसाळ्यात दुसरी मोटार घाट चढत नव्हती. मुंबईहून नवी जाळी मागवावी तर आगबोटी नारळी पुनवेपर्यंत बंद. डोलीतून न्यायचं तर चार-पाच दिवस मोडायचे. मुरारीला आठवलं की महाडात एका कासाराच्या परसात मोडीत काढलेल्या लॉरीची जाळी पडली आहे. त्याने डोक्यावर इरलं घेतलं आणि पाच कोसांची वाट पळत सुटला.

इकडे हैबतीने मला अंगणात सोडवायला घेतलं. वरची आणि खालची रबरी नळी ओढून काढली, चारी बाजूंचे गंजलेले बोल्ट घासलेट घालून फिरवले आणि मला उचलून आडवी केली. माझ्या तोंडातून पिवळट काळा, चिकट लगदा बाहेर आला. हैबती त्याकडे बघतच राहिला. मला पाणी पाजायचा तो मुरारी. आणि पंधरवड्यामागेच मुंबईला गिरणीत जायचं म्हणून मुरारी त्याच्याशी भांडला होता. त्याने मनाशी हिशेब जुळवला, आणि चुकीचा जुळवला.

दुपार टळल्यावर मुरारी आला. बैलगाडी मिळाली नव्हती. ती जड जाळी त्याने एवढी वाट डोक्यावरून आणली होती, आणि पत्र्याची कड लागून कानामागून रक्त येत होतं. जाळी खाली ठेवायच्या आतच हैबतीने विचारलं, "पाण्यात काय घातलंस?"

"पाणी. आनखी काय घालनार?"

"माझ्या पोरीच्या जिवावर उठलास. जायचं होतं तर सरळ जायचंस रे. गाडी कशाला मारलीस?"

मुरारी त्या लगद्याकडे बघत राहिला. एरवी त्याच्या तोंडात थट्टा तयार असायची. त्या दिवशी त्याने जाळी हळूच भिंतीला टेकली, कानामागचं रक्त पुसलं आणि म्हणाला, "जाळी आणली हाय. बसव तुझी तू. मी चाललो." आणि तो खरंच वळला. मित्रांनो, त्याच्यावाचून घाट चढणं शक्य नव्हतं. ओल्या चढावर गाडी मागे सरकली तर दगड लावणार कोण? हैबतीला ते कळत होतं, पण रागाने त्याची मान फिरत नव्हती.

राहीबाई दारात बसली होती, आवडीचं डोकं मांडीवर. तिने लगदा पाहिला. फाटलेल्या दुधाचा, करपल्या तुपाचा वास बाईमाणसाला कळायला वेळ लागत नाही. ती पांढरीफटक पडली. बोलावं तर पण मोडतो आणि पोर जाते. न बोलावं तर मुरारी जातो, आणि पोर तशीही जाते. मी तिच्या ओठांकडे बघत होते. मला वाचा असती तर मीच बोलले असते, आणि तिचं मौन तिच्यापाशी राहिलं असतं. मुरारी कुंपणाच्या फाटकापर्यंत पोचला.

"भावजी, थांबा," राहीबाई म्हणाली. मग नवऱ्याला म्हणाली, "त्याला बोलू नका. ते माझं पंचामृत हाय. दोन वर्सं मी रोज घालत होते."

हैबतीने बोट लगद्यात बुडवून नाकाशी नेलं.

"आन् तुझा पण?" हैबतीने अगदी हळू विचारलं.

"मोडला. काय करायचं ते मला कर, म्हणून सांगितलं महादेवाला." आणि एवढं बोलून ती पहिल्यांदा रडली.

मुरारी परत आला. आणलेल्या जाळीपाशी उकिडवा बसत म्हणाला, "वैनी, सोळा वर्सं मी तुमच्या उंबऱ्यावर येतो. मला कधी पळीभर दिलं नाय, आन् सासूबायला रोज?" हैबतीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पण या आणलेल्या जाळीतूनही पाणी उतरेना. दोन वर्षं पावसात पडून तिच्या नळ्या हिरव्या गंजाने भरल्या होत्या. दोघे पुरुष डोकं धरून बसले. राहीबाईने जवळ येऊन त्या हिरव्या रंगाकडे पाहिलं, आणि घाबरत विचारलं, "तांबंच हाय ना? आमसुलाचं कढत पाणी घातलं तर चालंल का? देवाची भांडी मी त्यानेच काढते." हैबती म्हणाला, "घाल."

हंडाभर पाणी आणि घरातली सगळी आमसुलं चुलीवर चढली. पहिल्या खेपेला खालून थेंब आले, मग हिरवं पाणी, मग मातीसारखं, आणि दिवेलागणीला नितळ. जाळी दुसऱ्या गाडीची, म्हणून बोल्टांची भोकं जुळेनात. फणसाच्या लाकडाचे ठोकळे घालून तारेने आवळली. रबरी नळी सैल पडत होती, तिथे सायकलच्या ट्यूबचे वेढे दिले. अशी ती घरच्या अंगणात, घरच्याच वस्तूंनी बसली.

मंगळवारी फटफटताना राहीबाई सवयीने पळी घेऊन आली. झाकणापाशी थबकली, आणि तिने पंचामृत तुळशीपाशी ठेवून दिलं. "भावजी, नुसतं पाणी घालू ना?" मुरारी म्हणाला, "घाल वैनी. पण गाळून घाल." तिने लुगड्याचा पदर दुहेरी केला आणि त्यातून विहिरीचं पाणी ओतलं. गाडी गेली. मी अंगणात चिखलात पडून वळणावळणावरचा तिचा आवाज ऐकत राहिले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. तिसऱ्यापुढे ती गेली.

वीस दिवसांनी सगळे परतले. चौदाही सुया झाल्या होत्या. पण डॉक्टरांनी सांगितलं आहे, की सहा महिने गेल्याशिवाय निश्चिंत होऊ नका. आज चौथा महिना चालू आहे. आता मी तुळशीपाशी भिंतीला टेकलेली असते. रोज सकाळी राहीबाई आवडीला इथे बसवते, हातात पाण्याचा तांब्या देते आणि तिच्या गळ्याकडे बघत उभी राहते. मोडलेल्या पणाचं ओझं तिच्या डोळ्यांतून उतरलेलं नाही. ती कोणाला सांगत नाही, पण मी पाहते.

आज सकाळी आवडीने तांब्या तोंडाला लावला आणि झटकन दूर सारला. राहीबाईच्या हातातली फुलांची परडी खाली पडली. हैबती गाडी पुसत होता, त्याचा हात जिथल्या तिथे थांबला.

"आये," आवडी म्हणाली, "यात काडी हाय. गाळ ना."

राहीबाईने पदर दुहेरी केला. घाईत अर्धं पाणी बाहेर सांडलं. उरलेलं आवडी गटागटा प्यायली, आणि तळाचं घोटभर तिने खेळता खेळता माझ्यात ओतलं.

मित्रांनो, ज्याच्यावर माया कराल त्याला काय सोसतं, ते आधी विचारा. त्याला वाचा नसेल तर जाणत्याला विचारा. चूक झाली असेल तर कितीही जड गेलं तरी बोला, कारण न बोलण्याने दुसराच माणूस दाराबाहेर जातो. आणि आवडीसाठी अजून दोन महिने तुमच्या देवापुढे एक दिवा लावा.

तिने ओतलेलं ते पाणी, पावसाने धुतलेल्या माझ्या नळ्यांतून, फाटक्या तळातून खाली मातीत गेलं. कुठे अडलं नाही.