भरतीची हाक

मी देवरूखकडचा, डोंगरातला. पाणी विहिरीत असावं, तिथंच ते शोभतं, असं माझं लहानपणापासूनचं मत. तरी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात वाईट गोष्ट खाडीवरच घडली. तीही एकाच संध्याकाळी, अर्ध्या तासाच्या आत.

माझं नाव रावजी. लग्नात ताशा बडवता बडवता मी मुंबईला पोचलो आणि एका हॉटेलच्या जॅझ बँडमध्ये ड्रम बडवू लागलो. बडवणं तेच, फक्त अंगात कोट चढला. आम्ही चौघं होतो. गोव्याचे मिंगेल आणि कायतान, एक सॅक्सोफोनवर, दुसरा गिटारवर. ड्रमवर मी. आणि ट्रंपेटवर आमचा म्होरक्या दत्ताराम. हा रत्नागिरीजवळच्या भाट्याचा, खारव्याचा, म्हणजे दर्यावर मासे मारणाऱ्याचा मुलगा. बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि कुठल्याशा बंदरातून ट्रंपेट घेऊन परतला. साहेबलोक ज्यावर नाचायचे ती गाणी आम्ही पोटासाठी वाजवायचो. पण सदतीस सालच्या पावसाळ्यात दत्तारामानं स्वतःचं एक मोठं गाणं बांधलं, शब्दांवाचून, आणि त्याला नाव दिलं 'भाट्याची खाडी'.

त्यात सगळी खाडी होती. ओहोटीला उघडा पडलेला चिखल सॅक्सोफोनवर, माडांतला वारा गिटारवर आणि कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, पळापळ माझ्या काठ्यांवर. कुर्ली कशी पळते हे त्यानं मला महिनाभर शिकवलं. मी म्हटलं, "अरे, खुद्द कुर्लीला एवढं ठाऊक नसेल." शेवटाला आम्ही सगळे थांबायचो आणि एकटा ट्रंपेट तीनदा खालून वर चढायचा. ते ऐकून माझ्या अंगावर दर वेळी काटा यायचा. हे काय आहे, असं एकदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ती माज्या बापसाची हाक."

बाप म्हणजे धाकू. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि तो सारखा सरकतो. मासेमारीचा मचवा आत यायला पाणी पुरेल की नाही, हे समुद्रातून नीट कळत नाही, किनाऱ्यावरून कळतं. म्हणून धाकू संध्याकाळी शिंग घेऊन वाळूवर उभा राहायचा. वर चढणारा सूर तीनदा आला, तर पाणी आहे, आत या. खालचा लांब सूर आला, तर थांबा. आणि काहीच ऐकू आलं नाही, तर बाहेर नांगर टाकून सकाळची वाट पाहायची. हे शिंग लग्नात फुंकायचं नाही, शिमग्यात नाही, गमतीखातर तर नाहीच नाही. चाळीस वर्षांत धाकूची हाक एकदाही चुकली नव्हती. थोरला मुलगा मचव्यावर जायचा, म्हणून धाकूमागून शिंग दत्तारामाकडे यायचं होतं, पण तो बोटीवर पळाला. त्या रागात बाप नऊ वर्षं त्याच्याशी बोलला नव्हता. दत्तारामाला जगात दुसरं काही नको होतं. बापानं एकदा समोर बसून हे गाणं ऐकावं, पोरानं शिंग सोडलं तरी हाक सोडली नाही, एवढं त्याला कळावं.

पौषात रत्नागिरीच्या वकीलमंडळींनी मांडवीच्या धक्क्यावर, भाट्यासमोर खाडीच्या तोंडाशीच, आमचा कार्यक्रम ठरवला. त्या दिवशी दुपारी होडीनं खाडी ओलांडून धाकूला बोलवायला गेलो तो मी. दत्तारामाची हिंमत नव्हती. ट्रंपेटवाल्यांची छाती फुंकण्यापुरतीच असते.

म्हातारा दारात जाळं विणत बसला होता. त्याची सून हिरा अंगणात मासळी सुकत घालत होती.

"बाळाचा मचवा बाहेर हाय," धाकू म्हणाला. बाळा म्हणजे दत्तारामाचा थोरला भाऊ, हिराचा नवरा. "मी कसा येऊ?"

"जावा वो मामंजी," हिरा म्हणाली. "हाक न्हाय आली तर ते ऱ्हातील बाहेर. सकाळच्या भरतीला येतील. भावजींनी नऊ वर्सांनी बोलावलानी, आनि तुमी असं काय करता?"

धाकू विचारात पडला. ती म्हणत होती ते खरंच होतं. गप्प राहिल्यानं कुणी बुडत नाही. तो उठला, धुतलेला सदरा घातला आणि शिंग काखेत मारलं.

"ते कशाला?" मी विचारलं.

"ह्येला एकटं ठेवीत न्हाय."

होडीत तो पाण्याकडे बघत बसला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बरं वाजवतो काय रे तो?"

"ऐकाच तुम्ही," मी म्हटलं. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं, पण तो हसला ते मला दिसलं.

बाळा बाहेर आहे, हे मी दत्तारामाला सांगितलं नाही. लपवलं असं नाही. ते सांगण्यासारखं आहे, हेच मला डोंगरातल्या माणसाला कळलं नाही. आज वाटतं, कुणी माझं तोंड तेव्हाच फोडून ते बाहेर काढायला हवं होतं.

सूर्य नुकताच बुडाला होता. मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्रावर जाणारा वारा, त्या दिवशी लवकर सुटला. वकील, कारकून, मास्तर खुर्च्यांवर बसले होते. धाकू बाजूला एका खोक्यावर, शिंग मांडीवर घेऊन बसला होता. भाट्याचा दुसरा कुणी नव्हता. आम्ही सुरू केलं. चिखल वाजला तेव्हा धाकूनं मान हलवली. माझ्या कुर्ल्या पळाल्या तेव्हा म्हातारा चक्क खुदकन हसला आणि त्यानं बोटांनी मांडीवर तसंच करून पाहिलं. दत्तारामाची नजर बापावरून हलत नव्हती. त्याहून चांगलं आम्ही कधी वाजवलं नाही, आधीही नाही आणि नंतर तर नाहीच.

मग आम्ही थांबलो आणि ट्रंपेट एकटा वर चढला. एकदा. दोनदा. तीनदा.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. धाकू उभा राहिला होता, दोन्ही हात वर करून ओरडत होता. टाळ्यांत शब्द कळत नव्हते. मला वाटलं, विरघळला म्हातारा. दत्तारामालाही तेच वाटलं. मुंबईत माणसं उभी राहून ओरडली की आम्ही तेच पुन्हा वाजवायचो, ती आमची रीतच होती. दत्तारामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नऊ वर्षांनी बाप त्याच्यासाठी उभा राहिला होता. त्यानं ट्रंपेट खाडीकडे उंच धरला आणि हाक पुन्हा दिली, आधीपेक्षा मोठ्यानं, तीनदा.

धाकूनं धावत येऊन त्याच्या तोंडावरचा ट्रंपेट हिसकावला.

"पाणी उतारलाय! अरे, बाळा बाहेर हाय!"

शिंग उगाच फुंकायचं नाही, हे दत्तारामाला ठाऊक होतं. ट्रंपेटलाही ते लागू आहे, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता ते आलं. त्याचा चेहरा मी पाहिला, आणि तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायची माझी इच्छा नाही.

धाकू धक्क्याच्या टोकाला पळाला आणि खालचा सूर धरला. श्वास संपेपर्यंत धरायचा, पुन्हा भरायचा, पुन्हा धरायचा. पण मचवा वळला होता. ओहोटी लागून तास होत आला होता, बाळा बाहेर आत जाऊ की नको करत होता आणि त्याच्या कानावर हाक आली होती. बापाची हाक, जी कधी चुकत नव्हती. मचवा दांड्यावर चढला, आडवा झाला आणि लाटांनी फोडला. मचव्यावरचा सदू आणि आणखी दोघं पोहत आले. बाळा सकाळच्या भरतीला आला.

तिसऱ्या दिवशी भाट्याला वाळूवर गाव जमलं. सदूनं सांगितलं, "आमी हाक आयकली. बाळानं म्हनूनच सुकाणू फिरवलान. मांडवीकडनं आली हाक." सगळ्यांनी धाकूकडे बघितलं. धाकू उठला.

"मीच फुंकलं," तो म्हणाला. "पोराचा कार्येक्रम बघाया गेलो होतो मांडवीला. पाण्याचा अंदाज चुकला माजा."

दत्तारामानं तोंड उघडलं. बापानं त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि ते तोंड मिटलं. ते मिटायला नको होतं. मी त्याचा मित्र आहे म्हणून मला हे म्हणायचा अधिकार आहे. मीही गप्पच बसलो, म्हणून मला स्वतःलाही ते ऐकवायला हवं.

गावानं शिंग धाकूकडून काढून घेतलं आणि दुसऱ्याला दिलं. हिरा रडत नव्हती. ती सासऱ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मीच तुमास्नी पाठवलंव. पन तुमी फुंकलात कशाला?"

मुंबईला परतल्यावर दत्तारामानं ट्रंपेट माझ्या ट्रंकेत ठेवला. मी किती समजावलं, मिंगेलनं शिव्या घातल्या, कायतान रडला, पण त्यानं तो पुन्हा हातात घेतला नाही. बँड मोडला. दत्ताराम गोदीत गोणी उचलायला लागला. कुणी शीळ घातली तरी उठून जायचा.

दीड वर्षानं मला राहवेना. मी भाट्याला गेलो, हिराला खरं सांगायचंच असं ठरवून. धाकू मागच्या पडवीत एकटा बसला होता, वाळला होता. हिरानं ताट आणलं, त्याच्यापासून हातभर लांब जमिनीवर ठेवलं आणि न बोलता आत गेली. रोजचं असंच, हे दिसत होतं.

"मी सांगतो तिला," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

त्यानं माझं मनगट धरलं. हातात जोर कुठला, पण मला सुटवेना.

"बाळाला बापसानं बुडवलान, असं गाव म्हनतो," तो हळू म्हणाला. "म्हनू दे. भावानं बुडवलान असं म्हनाया लागला, की माजा दुसरा पन गेला. तू गप ऱ्हव."

मी खाली बसलो. आत हिरा भांडी घासत होती. थोड्या वेळानं म्हाताऱ्यानं विचारलं, "वाजवतो न्हवं तो? सोडलान न्हाय ना?"

मला माझी ट्रंक डोळ्यांसमोर दिसली.

"वाजवतो," मी म्हटलं. "रोज वाजवतो. लोक उभे राहतात."

"मंग झालं," धाकू म्हणाला आणि ताट ओढून जेवायला लागला.