सतरा ओळींची टोपी

लोकरीचं दुकान चालवणाऱ्या मावशींना विमानाची भीती वाटायची, आणि ती त्यांनी कधी लपवलीही नाही. पण पलीकडच्या बेटावर त्यांच्या लेकीला मुलगी झाली, नात बारा दिवसांची झाली, आणि नेमकी बोट दुरुस्तीला महिनाभर किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. फोटो बघून बघून मावशींचे डोळे दुखले, मन काही भरेना.

तिकिटाच्या खिडकीवर त्यांचा सख्खा भाचाच बसायचा.

"अठ्ठ्याहत्तर किलोमीटर, सतरा मिनिटं," तो म्हणाला. "बसलीस न बसलीस तोच उतरशील, मावशी."

"सतरा म्हणजे सतराच ना? नाहीतर मी आपली घरीच बरी."

"तक्त्यात छापलंय गं."

छापलंय म्हटल्यावर मावशींनी बेत आखला. त्यांच्या हाताला एक ओळ विणायला बरोबर एक मिनिट लागतं. त्यात चाळीस वर्षांत फरक पडलेला नाही. नातीची टोपी त्यांनी आधीच विणायला घेतली आणि शेवटच्या सतरा ओळी तेवढ्या ठेवल्या. बाहेर बघायचंच नाही. ओळी संपल्या की बेट आलं.

विमान कसलं, नऊ खुर्च्यांची डबी. दार लागलं आणि मावशींनी पहिली ओळ धरली. तीन ओळी तर ते नुसतं जमिनीवरच फिरत होतं. मावशी मनातल्या मनात भाच्यावर उखडल्या, पण विणत राहिल्या. मग पोटात खड्डा पडला, म्हणजे उडालं असावं.

सतरावी ओळ संपली. विमान काही खाली उतरेना.

"पोचलो का हो?" त्यांनी पुढे बसलेल्या पायलटला विचारलं.

"समोरून वारं आहे, आजी. अजून थोडं."

"थोडं म्हणजे किती ओळी?"

पायलटला काही कळलं नाही. सुया थांबल्या की नजर खिडकीकडे जाणार, आणि नजर गेली की त्या ओरडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून अठरावी ओळ सुरू केली. मग एकोणिसावी. बेट आलं, तर धावपट्टीवर दुसरं विमान उभं. त्यापायी वर आणखी तीन ओळींच्या घिरट्या. चाकं टेकली तेव्हा सव्विसावी ओळ पुरी झाली होती.

लेकीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी टाके ओढून घेतले आणि टोपी शिवली.

"आई, ही टोपी आहे की पिशवी?" लेक हसायला लागली.

"तुझ्या त्या शहाण्या मावसभावाला विचार."

बाळाच्या डोक्यावर चढवली, तर भुवयांच्या वर दोन बोटं, बरोबर बसली. डोकं बापावर गेलं होतं, चांगलं भोपळ्याएवढं. फोटोत ते कधी कळलंच नव्हतं. सतरा ओळींची असती तर टोपी नुसती टेकून राहिली असती. मावशींना हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही त्यांनी येऊ दिलं.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. आवाज जरा दबलेलाच.

"मावशी, तक्त्यात वारं धरत नाहीत गं. चुकलंच माझं. येताना वारं पाठीशी असेल, चौदा मिनिटांत आणतो बघ."

मावशींनी मांडीवरच्या टोपीवाल्या डोक्याकडे पाहिलं.

"चौदा ओळींत एक मोजा होत नाही," त्या म्हणाल्या. "वारं फिरलं की कळव, तोवर मी इथेच."