ओळखीचा दुकानदार

घरात तिला खारू म्हणत. लहानपणी उशीखाली शेंगदाणे साठवायची म्हणून पडलेलं नाव. व्यवसाय व्यवस्थापनाच्या तिसऱ्या वर्षाला गेली तरी ते सुटलं नव्हतं. तिच्या विद्यापीठातून दर वर्षी दोघातिघांना एका सत्रासाठी परदेशी शिकायला पाठवत. यंदा खारूचा नंबर लागला, आणि बाबांनी ही बातमी बाजारात इतक्यांदा सांगितली की शेजारचा घड्याळवाला त्यांना लांबून येताना बघूनच म्हणायचा, "हो हो, कळलं! परदेशी चाललीय!"

बाबांचं बॅगांचं दुकान होतं. प्रवासाच्या बॅगा, ऑफिसच्या बॅगा, शाळेची दप्तरं. एक गाळा, वर माळा. मागच्या कोपऱ्यात शिलाईचं मशीन आणि मशीनमागे चेनमामा. कोणाची चेन अडकली, बंद तुटला, चाक निखळलं की ते दुरुस्त करायचे. ते नात्यातले कोणी नव्हते. खारू जन्मायच्या आधीपासून त्या कोपऱ्यात बसत आले होते म्हणून मामा. दुपारी बाबा आणि ते काउंटरवर वर्तमानपत्र पसरून डबे उघडायचे. बाबा मामांच्या डब्यातलं खायचे, मामा बाबांच्या, आणि दोघंही आपापल्या बायकोच्या हाताला नावं ठेवायचे.

परदेशातल्या वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. एकाच्या घरची जहाजं होती. एकीच्या आईची हॉटेलं. एकाच्या आजोबांच्या नावाने म्हणे एक इमारतच होती. मग खारूची पाळी आली. उभी राहून ती म्हणाली, "आमचा फॅमिली बिझनेस आहे. लगेज रिटेल."

दोन शब्दांत गाळ्याची कंपनी झाली.

"किती शाखा?" जहाजवाल्याने सहज विचारलं.

"सध्या विस्तार चालू आहे," खारू म्हणाली आणि खाली बसली. कोणी पुढे काही विचारलं नाही, आणि ती थाप पचली.

सत्राच्या शेवटी तिघातिघांच्या गटाने एखाद्या छोट्या व्यवसायाचा अभ्यास करून वर्गासमोर मांडायचा होता. खारूच्या गटात एक उंच मुलगी होती आणि एक चष्मेवाला. त्यांनी एक छापखाना ठरवला होता. ऐन वेळी छापखान्याच्या मालकिणीने हात वर केले. माझ्याकडे तुम्हाला द्यायला वेळ नाही, म्हणाली. नवीन व्यवसाय शोधायला सवड नव्हती. चष्मेवाला डोकं धरून बसला.

"मला एक दुकान माहीत आहे," खारू म्हणाली. "आमच्या शहरात. बॅगांचं. त्यांच्याकडून सगळी माहिती मिळू शकेल."

"तुझ्या वडिलांचे प्रतिस्पर्धी का?" उंच मुलीने हसत विचारलं.

"नाही. असंच, ओळखीच्या माणसाचं आहे."

त्या दिवशी तिने घरी व्हिडिओ कॉल केला. बाबांचा विश्वासच बसेना. "आपल्या दुकानाचा अभ्यास? तिकडे? अगं, मग जरा पुसून-झाडून घेतो की!" त्यांनी फोन हातात धरून सगळं दुकान फिरवून दाखवलं. माळा, शटर, शिडी, अगदी मोरीसुद्धा. महिन्याला काय विकलं जातं, काय पडून राहतं, तिने जे जे विचारलं ते हातचं न राखता सांगितलं. मामांच्या कोपऱ्याशी फोन गेला तेव्हा मामांनी तोंडासमोर हात धरला. "आज नको. उद्या शर्ट घालून येतो चांगला."

दुसऱ्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून बसवून मशीनवर बसले. खारूच्या धाकट्या भावाने त्यांचा फोटो काढला आणि मोबाइलमध्ये दुकानाचे जेवढे म्हणून फोटो होते तेवढे सगळे तिला पाठवून दिले. त्यात एक त्याने कधीतरी गंमत म्हणून काढलेला होता. मामा बसल्याजागी झोपलेले, हनुवटी छातीवर, तोंड उघडं, मांडीवर उलटी केलेली बॅग.

सादरीकरणासाठी खारूने तो निवडला.

हे तिने नकळत केलं असं म्हणता येणार नाही. दोन्ही फोटो समोर ठेवून तिने उंच मुलीला दाखवले होते. झोपलेल्या मामांना बघून ती फिसकन हसली, आणि तिथेच निवड झाली.

सादरीकरणाच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. दुकानाचे मालक ओळखीचे आहेत, असं सांगून खारूने सुरुवात केली आणि तिचं बोलणं रंगत गेलं. मामांचा फोटो पडद्यावर आला तेव्हा तिने मुद्दाम जरा वेळ जाऊ दिला आणि मग म्हणाली, "हा या दुकानाचा दुरुस्ती विभाग."

सभागृह हसलं. इतकी माणसं आपल्या एका वाक्यावर हसतात हे खारूने पहिल्यांदाच अनुभवलं. तिला स्फुरण चढलं. "हे गृहस्थ जेव्हा जागे असतात, तेव्हा जुन्या बॅगा इतक्या छान शिवून देतात की गिऱ्हाइकाला नवी घ्यायची गरजच पडत नाही. म्हणजे दुकान स्वतःच्या पदरचा पगार देऊन स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतं."

आणखी मोठा हशा.

शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं, "मग मालक त्यांना काढत का नाही?"

"भिडेखातर," खारू म्हणाली. "मालक फारसे शिकलेले नाहीत. धंदा आणि दानधर्म यातला फरक त्यांच्या लक्षात येत नाही. आमची शिफारस आहे की हा कोपरा ताबडतोब बंद करून तिथे नवा माल मांडावा."

टाळ्या पडल्या. वर्गात त्यांच्या गटाला सगळ्यात वरची श्रेणी मिळाली. चष्मेवाल्याने तिला कॉफी पाजली.

आठवड्याभरात विभागाने सगळ्यात चांगलं सादरीकरण म्हणून त्याचं चित्रीकरण आपल्या संकेतस्थळाच्या पानावर टाकलं. खारूला कोणी विचारलं नव्हतं, आणि तिने ते पान कधी उघडलंही नव्हतं. तिच्या भावाने मात्र बहिणीचं नाव टाकून शोधलं. खारू तासाला होती तेव्हा त्याचा निरोप आला. "सापडला तुझा व्हिडिओ! दुकानातल्या टीव्हीवर लावतोय. सगळे जमलेत!"

तास संपल्यावर तिने तो वाचला. जिन्यातच उभं राहून तिने फोन लावला.

"बघितला," भाऊ म्हणाला. आवाज पडलेला.

"कोणी कोणी?"

"सगळ्यांनी. आई, बाबा, मामा. घड्याळवालेपण आले होते. बाबांनी सगळ्यांना चहा सांगितला होता."

"त्यांना समजलं का रे?"

"मी मराठीत सांगत होतो. सुरुवातीला. मग नाही सांगितलं. पण ताई, हसण्याचं काय मराठी करायचं असतं?"

खारूच्या बाजूने मुलं धडाधड जिना उतरत होती. तिने भिंतीकडे तोंड केलं. "बाबांना दे."

बाबांनी फोन घेतला. "छान बोललीस. कुठे अडखळली नाहीस."

"बाबा, ते तिथे तसं बोलायची पद्धत असते म्हणून…"

"असेल की. आम्हाला काय कळतंय त्यातलं." रागाचा लवलेश नव्हता, म्हणून तर ते ऐकवेना. "एकच विचारायचं होतं. मालक ओळखीचे आहेत, असं म्हणालीस ना? मी तुझ्या भावाला दोनदा विचारलं, नक्की असंच म्हणाली का ती. म्हटलं, त्याची काहीतरी ऐकण्यात चूक होत असेल."

खारू भिंतीवरचा रंग नखाने खरवडत राहिली.

"बरं, गिऱ्हाईक आलंय," बाबा म्हणाले. गिऱ्हाईक आलं नव्हतं. आलं असतं तर मागे आवाज आला असता.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीच्या वेळेला आले. मशीनला तेल घातलं, त्यावर कापड टाकलं आणि कोपऱ्यातल्या कपाटाची किल्ली काउंटरवर ठेवली. बाबांनी हात धरला, खूप विनवलं. "पोरीला कळत नाही, जाऊ दे," म्हणाले. मामा म्हणाले, "शिकलेली पोर आहे, कळतं तिला." आणि पायऱ्या उतरून गेले. हे सगळं खारूला आईने सांगितलं. नंतर आई म्हणाली, "दुपारचा डबा अर्धा परत येतो गं तुझ्या बाबांचा."

खारू मॅडमच्या खोलीत गेली आणि तो व्हिडिओ काढून टाका म्हणाली. मॅडमना नवल वाटलं. "का? इतकं उत्तम काम. पुढच्या मुलांना दाखवायचा विचार होता माझा."

"ते दुकान माझ्या वडिलांचं आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या रागावतील, श्रेणी काढून घेतील, असं खारूला वाटत होतं. खरं तर तिला ते हवंच होतं.

"आणि तो झोपलेला माणूस?"

"माझे मामा."

"हे त्या दिवशी बोलली असतीस, तर मी वेगळे प्रश्न विचारले असते," मॅडम म्हणाल्या. "आणि तू वेगळी उत्तरं दिली असतीस." त्यांनी तिच्यासमोरच फोन करून व्हिडिओ काढायला सांगितलं. श्रेणी तशीच राहिली. जाता जाता खारूने उंच मुलीला आणि चष्मेवाल्यालाही खरं काय ते सांगितलं. चष्मेवाला म्हणाला, "अगं, मग त्यात काय एवढं?" त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. खारूने मात्र त्याच्याशी त्यानंतर नजर मिळवली नाही.

सत्र संपवून ती विमानाने आणि पुढे रेल्वेने घरी आली. स्टेशनवर बाबा घ्यायला आले, बॅग उचलायला लागले. ती नको म्हणत असताना त्यांनी ती उचललीच. घरी सगळं नेहमीसारखं होतं, फक्त बाबा तिच्याशी जपून बोलत होते. दुकानात रंग कोणता द्यावा, फळी कुठे ठोकावी, प्रत्येक गोष्टीला "तुमच्या अभ्यासात काय म्हणतात?" असं विचारत. त्यात टोमणा नव्हता. घरी एखादा मोठा साहेब उतरावा तसं ते तिला वागवत होते, आणि खारूला वाटे, यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांच्या कोपऱ्यात आता नव्या बॅगा मांडल्या होत्या. तिच्याच शिफारशीप्रमाणे.

एका सकाळी ती एकटीच मामांच्या घरी गेली. ते ओट्यावर बसून एका दप्तराचा बंद शिवत होते. आता लोक घरीच येत होते त्यांच्याकडे. तिला बघून त्यांनी मान हलवली, पण सुई थांबवली नाही.

"मामा, मी चुकले."

"बस."

ती पायरीवर बसली. मामांनी दोरा दातांनी तोडला. "तुझ्याकडे माझे दोन फोटो होते ना?"

"हो."

"एक इस्त्रीचा शर्ट घालून काढलेला."

"हो, मामा."

"मग?"

वाटेत तिने बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. घाई होती, गटातल्यांनी निवडला, ध्यानात आलं नाही. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. "त्या फोटोला कोणी हसलं नसतं," ती शेवटी म्हणाली.

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "हं. म्हणजे माहीत होतं तुला."

खारूने मान खाली घालूनच विचारलं,

"दुकानात परत याल का?"

"राग म्हणशील तर जाईल कधीतरी. पण आता तिथे बसलो ना, तर दिवसभर हीच धास्ती की आपला डोळा तर लागला नाही?" त्यांनी दप्तर उलटं करून झटकलं. "इथे बरं आहे. डुलकी आली तर घर माझंच आहे."

त्या दुपारी ती डबा घेऊन दुकानात गेली आणि बाबांच्या समोर वर्तमानपत्र पसरलं. दोघं जेवले. मग बाबाच म्हणाले, "तुझ्या भावाने मागाहून सांगितलं सगळं. हिशेब बरोबर होता तुझा. तो कोपरा तोट्यातच होता. मला काय माहीत नव्हतं?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस कुठे?" बाबा डब्याचं झाकण लावत म्हणाले. "काय विकलं, किती विकलं, सगळं विचारलंस. त्याला का ठेवलाय ते नाही विचारलंस. अगं, सकाळी शटर उघडायचं, रात्री ओढायचं. मधे मी बोलायचं कोणाशी? बॅगांशी?"

यावर तिच्या अभ्यासात काहीच म्हटलेलं नव्हतं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी स्कूटर काढली. मामांकडे चाललो म्हणाले, तेव्हा तीही न विचारता मागे बसली. मामांच्या दारापाशी मात्र तिचे पाय पुढे पडेनात. "तुम्ही जा," ती म्हणाली. बाबांनी आग्रह केला नाही. ती स्कूटरला टेकून रस्त्यावर उभी राहिली. आतून दोघांचे आवाज येत होते. कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल, कोणाच्या तरी जावयाबद्दल. मधेच घड्याळवाल्याची नक्कल झाली असावी, कारण दोघंही हसले.

बाबा बऱ्याच वेळाने बाहेर आले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता.

"तू आलीयस हे सांगितलं त्याला."

"काय म्हणाले?"

"काही नाही. चहा पिणार का, विचार म्हणाला."

"मग?"

"म्हटलं, बाहेरच उभी आहे, आज राहू दे." बाबांनी किक मारली. स्कूटर लगेच सुरू झाली नाही, त्यांनी पुन्हा मारली. "पुढच्या सुट्टीला आत ये."

"हो," खारू म्हणाली आणि मागे बसली.