भागुबाईंची त्रेचाळीस गाणी

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्या डब्याचे स्क्रू खाऱ्या हवेने असे गंजलेत की आता ते कुणाच्या बापाला फिरवता येणार नाहीत, आणि कीबोर्डावरची निम्मी अक्षरं झिजून गेली आहेत. माझं कौतुक ऐकायचं असेल तर ते सुरुवातीलाच आटपून घेतो, कारण पुढे कौतुकासारखं काही नाही.

अलिबागच्या एका दुकानात मला जोडलं. कुठला पंखा, कुठली डिस्क, सगळी मिळून मोट बांधली झालं. निकेतने मला गोधडीत गुंडाळून आपल्या ट्रेलरच्या केबिनमधून थळच्या अलीकडे, आपल्या गावात आणलं. त्याच्या घराच्या पुढच्या खोलीत त्याची बायको रुचिता हिने ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान काढलं. सातबारा, रेशनकार्ड, कॉलेजचा प्रवेश, सगळं माझ्यातून व्हायचं. सकाळी दार उघडायच्या आत ओटीवर चपला जमायच्या. रुचितावहिनींचा कॉम्प्युटर कधी नाही म्हणत नाही, असं लोक म्हणायचे. ऐकून मला काय वाटायचं, सांगू? अगदी फुगून जायचो मी.

घरात एकच माणूस मला मोजत नव्हतं. निकेतची आई, भागुबाई. त्या मला खोका म्हणायच्या. भागुबाई गावातल्या शेवटच्या धवलारीण. आमच्याकडे आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीचं वेगळं गाणं असतं आणि ते म्हणणारी बाई म्हणजे धवलारीण. मांडव घालताना एक, उंबराची फांदी आणताना दुसरं, हळदीला चार, मुलीला पाठवताना दोन. गाणं सुरू झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. भागुबाईंना अक्षर येत नव्हतं. त्रेचाळीस गाणी होती आणि ती सगळी त्यांच्या डोक्यात.

निकेतच्या धाकट्या बहिणीचं, प्राप्तीचं, लग्न माघात ठरलं. सुनेने आपल्या शेजारी बसून लेकीच्या हळदीला गावं, एवढी एकच इच्छा भागुबाईंनी बोलून दाखवली. रुचिता हौशी. तिने पावसाळाभर मोबाइल घेऊन सासूचा पिच्छा पुरवला. भागुबाई जवळा निवडत बसायच्या, रुचिता मोबाइल पाटावर ठेवायची. दरवेळी त्या घसा खाकरून विचारायच्या, "झाला काय गो चालू?" मग गायच्या. गाणं संपलं की म्हणायच्या, नुसती भरून ठेवू नको, माझ्याबरोबर दोन ओळी म्हण. रुचिता म्हणायची, रेकॉर्डिंग आहे ना आई, शिकेन सावकाश. तिच्याजवळ खरंच वेळ नव्हता. प्रवेशाचे दिवस होते, आणि तो वेळ मीच खात होतो.

मोबाइल भरला तेव्हा तिने त्यातलं कार्ड काढून मला लावलं. कार्ड रिकामं करायचं म्हणून तिने गाणी कॉपी केली नाहीत, कट करून माझ्यात टाकली. म्हणजे तिकडून उचलायची आणि इकडे ठेवायची. मी कामाला लागलो आणि ती अंगणात फुलं आणायला गेली.

तो दिवस खंडेनवमीचा होता. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते आणि पूजलेल्या हत्याराला त्या दिवशी काम सांगत नाहीत. कोयता, फावडं, निकेतच्या ट्रेलरची चावी, सगळं पाटावर मांडलं होतं. भागुबाई हळदकुंकवाची वाटी घेऊन माझ्यापुढे आल्या. मी घरघरत होतो. त्यांना ते बरं वाटलं नाही. माझ्यात आता आपली गाणी राहणार, हे रुचिताने त्यांना सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे मी खोका उरलो नव्हतो. त्या म्हणाल्या, "आज त्याला बी सुटी. हत्यार हाय ना ते." आणि मायेने, अगदी मायेने, त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आलं असतं तर त्या दिवशी ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी रुचिताने मला सुरू केलं. कार्डातून गाणी निघाली होती आणि माझ्यापर्यंत नीट पोचली नव्हती. माझ्याकडे फक्त नावं होती. मांडव, उंबर, हळद एक, हळद दोन, अशी त्रेचाळीस नावं. उघडायला गेलं की मी म्हणायचो, फाईल खराब आहे. रुचिता पांढरीफटक पडली. पण सासूला ती एका शब्दाने बोलली नाही. दिवाळी झाली की पुन्हा रेकॉर्ड करू, असं तिने निकेतला हळूच सांगितलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी भागुबाईंना लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

त्यानंतर माझी अवस्था काय सांगू! ती त्रेचाळीस नावं माझ्या पोटात अडकून बसली होती. सुरू झालो की मी तिथेच अडखळायचो. अर्धा अर्धा तास पडदा निळा. लोक ओटीवरून परत जायला लागले. निकेत समजुतीने म्हणाला की आत काही उरलेलं नाही, तर निदान पुसून टाक, मशीन तरी चालेल. रुचिताने तीन दिवस ऐकलं नाही. चौथ्या दिवशी तिने सगळी नावं निवडली, डोळे मिटले आणि डिलीट दाबलं.

मी नाही म्हणालो. ज्या यंत्राने कधी नाही म्हटलं नव्हतं, त्याने तेव्हा म्हटलं. फाईल वापरात आहे, पुसता येत नाही. तिने मला बंद करून चालू केलं, पुन्हा दाबलं, पुन्हा नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी मोजक्या कामापुरता जागा ठेवून, तिने मला विचारून पाहिलं. तिथेही नाही. लोकांना वाटेल मी हट्टी. हट्ट कसला, डिस्कवरची तीच जागा मोडली होती. मला धड धरता येत नव्हतं, धड सोडता येत नव्हतं. असलं पुसायला माणसाला एकदा छातीवर दगड ठेवावा लागतो, रुचिताला तो चौदा वेळा ठेवावा लागला.

शेवटी अलिबागहून दुरुस्तीवाला गणराज आला. भला माणूस. त्याने पुसण्याआधी माझी डिस्क आपल्या मशीनला जोडून दोन दिवस खरवडली. एका फाईलमधून सात सेकंद निघाले. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "झाला काय गो चालू?" आणि रुचिताचं हसू. गाणं सुरू व्हायच्या आत आवाज तुटला. रुचिताने ते तीनदा लावलं. चौथ्यांदा गणराजनेच हात पुढे करून थांबवलं. मग त्याने डिस्क तपासायला लावली, मोडलेली जागा कायमची बंद केली, आणि नावं गेली. मी पुन्हा भराभर चालायला लागलो. मला त्याची लाज वाटते.

माघात प्राप्तीचं लग्न झालं. हळदीला डीजे होता. भागुबाईंना खुर्चीत बसवलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, पण त्यातून गाणं निघालं नाही, आणि शेजारी बसलेल्या रुचिताला एकही ओळ पुरी येत नव्हती.

यंदाची खंडेनवमी आजच झाली. भागुबाई भिंत धरून माझ्यापर्यंत आल्या. डाव्या हाताने त्यांनी मला हळदकुंकू लावलं, ते वाकडं लागलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं, आपल्या गळ्याकडे केलं, आणि सुनेकडे पाहिलं.

रुचिता म्हणाली, "हायत, आई. सगळी हायत."

भागुबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या डब्यावरून हात फिरवला आणि बटण बंद केलं.

मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला जपा, असं मी मागत नाही. ते सात सेकंद रुचिताने आता चार ठिकाणी ठेवले आहेत, तेवढं शहाणपण आम्हाला आलं. तुमच्या घरात कुणी गात असेल तर ते माझ्यासारख्याच्या स्वाधीन करून निर्धास्त होऊ नका. आजच त्यांच्या शेजारी बसा आणि दोन ओळी त्यांच्याबरोबर म्हणा. मी उद्या पुन्हा सुरू होईन, फॉर्म भरीन, आणि भागुबाई दारातून माझ्याकडे विश्वासाने बघत राहतील.