गाठीवरची सुई

लग्नाआधी माझ्या लेकीला, प्रियदर्शिनीला, बुगडी घालायची हौस आली, म्हणून मीच तिला सोनाराकडे नेऊन कानाची वरची कड टोचून आणली. टोचलेलं भरलं, पण त्या जागी गाठ धरली. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी. दुखत नव्हती, पिकत नव्हती, नुसती बसून होती. गल्लीतली एक बाई हळूच म्हणाली, "रक्तपिती तर न्हवं?" आणि महारोगाच्या धास्तीनं माझी झोप उडाली.

मिरजेच्या चामडीच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, काहींची कातडीच अशी असते, जखम भरताना गरजेपेक्षा जास्त वाढते. रोग नाही, लागण नाही. दर महिन्याला त्या गाठीतच सुई द्यायच्या आणि गाठ बसत चालली होती. ती पुरती बसायच्या आधीच लग्न ठरलं.

स्थळ शेजारच्या लीलाबाईंनी आणलेलं. मुलगा त्यांच्या बहिणीचा, जयराज. मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर. आमच्या पलूसात असं स्थळ रोज दारात येत नाही. गाठीचं सांगितलं असतं तर ते आल्या पावली परत गेलं असतं. केस कानावर ओढले, वर गजरा माळला आणि पोरगी विमानात बसली.

फोन आमच्या गल्लीत एकट्या लीलाबाईंकडे. शुक्रवारी मस्कतला सुट्टी, म्हणून त्या दिवशी दुपारी प्रियाचा फोन यायचा. मी रिसिव्हर कानाला लावला की लीलाबाई शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. कितीदा मनात आलं, बाई, जरा परड्यात जाऊन या. पण त्यांच्याच घरात त्यांना ऊठ कसं म्हणायचं? कागदावर लिहावं तर पत्र पंधरा दिवसांनी पोचतं आणि आधी जयराज वाचतो.

त्या शुक्रवारी प्रिया एकदम दबक्या आवाजात बोलली.

"आई, गाठ परत आलीया. जांभळाएवढी झालीया."

समोर लीलाबाईंचा हात सुपातच थांबला होता. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"व्हय गं," मी म्हणाले, "मामाच्या म्हशीला परत गाठ झालीया. तुला कुणी सांगितलं?"

पोरगी हुशार. ओळखून आपली बोलत राहिली. जयराज टेलिफोनच्या बूथबाहेर रांगेत उभा होता, त्याला अजून काही दिसलं नव्हतं, पण किती दिवस केस पुढे घेऊन झोपणार? तिथल्या दवाखान्यात जायचं तर कंपनीचं कार्ड लागतं, म्हणजे नवऱ्याला कळणारच. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बाई होती. स्वयंपाकघरातच सुया द्यायची. गोरं व्हायची, सुरकुत्यांची, गाठीची. एका सुईत विरघळेल म्हणाली होती.

"ती डॉक्टर हाय का, पर?" मी विचारलं.

"न्हाई. पर तिच्या हाताला लय गुण हाय म्हणत्यात. तूच म्हणायचीस की आई, डॉक्टरची पाटी बगू न्हाई, हाताचा गुण बगावा."

मी म्हणायचे खरी. आमच्याकडे सगळेच म्हणतात. ताप आला तरी सुई न देणारा डॉक्टर आम्हाला डॉक्टर वाटत नाही. माझंच बोलणं समुद्रापलीकडून माझ्या कानात आलं.

"ईचारून सांगते," एवढंच म्हणाले. "तवर म्हशीला कुणाला हात लावू द्यायचा न्हाई."

लीलाबाई म्हणाल्या, "म्हशीची एवढी काळजी? भाऊ जतला, म्हस जतला, आन् फोन मस्कतातनं?"

"लय जीव हाय तिचा त्या म्हशीवर," मी म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी मिरज गाठली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी हसल्या नाहीत. म्हणाल्या, गाठ राहिली तर काही बिघडत नाही, पण भलत्याच्या सुईनं कान सडेल, रक्तात नको ते जाईल. सुई देणारा माणूस शिकलेला पाहिजे. औषधाची बाटली त्यानं समोर उघडली पाहिजे, नाव दाखवलं पाहिजे, सुई नवी पाहिजे. आणि सगळ्याच्या आधी त्यानं विचारलं पाहिजे, बाई, दिवस गेलेत का? गेले असतील तर सध्या सुई नकोच. जो हे विचारत नाही, त्याच्यासमोरून उठायचं.

सगळा आठवडा मी ते भाकरी थापताना घोकलं. प्रियाचे वडील साताऱ्याला पहारेकरी, महिन्यातून एकदा यायचे. त्यांना सांगून त्यांचा जीव कशाला टांगणीला लावू? देवाला एवढंच म्हणत होते की पोरीनं शुक्रवारपर्यंत दम धरावा.

शुक्रवारी फोन वाजला तेव्हा मी लीलाबाईंच्या उंबऱ्यातच बसले होते.

"आई, सुई उद्याच हाय," प्रिया म्हणाली. "जयराज कामावर गेला की जाते."

"आदी माजं ऐक. मामानं म्हस मिरजंला दावली."

लीलाबाईंनी मान वर केली. "म्हस? मिरजंला?"

मी तिकडे बघितलंच नाही. "डॉक्टरीण म्हणाली, बाटली आपल्या म्होरं उगडाय लावायची. नाव बगायचं. सुई नवी पायजे. ती बाई दावती का?"

"ती भरूनच ठिवती, आई. कुणाला दावत न्हाई."

"आन् गाभण असंल तर सुई द्यायचीच न्हाई. त्या बाईनं ईचारलं का तसं?"

पलीकडून ती रडत असल्याचं ऐकू आलं.

"मला दोन म्हयनं झालं," ती म्हणाली. "तिनं न्हाई ईचारलं. मीबी कुणाला बोलली न्हाई."

ज्या बातमीची वाट बघत पोरीच्या आया दिवस मोजतात, ती मला अशी मिळाली. तोंडात साखर घालायची सोडून मी भिंतीला हात टेकला.

"मग नगं," मी म्हणाले. "म्हशीला सुई नगं. गाठ ऱ्हाऊ दे."

"ऱ्हाऊ दे कशी? दवाखान्यात न्हेलं की पयली गाठ दिसंल. आपून लपवलं ते कळंल. त्यो मला ठिवायचा न्हाई, आई. मी उद्या जाणार."

"म्हस मरंल गं!"

"मरू दे मग," प्रिया म्हणाली.

तिला तोडून बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती जाणार हे मला कळून चुकलं. मी लीलाबाईंकडे बघितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं. मला त्या वेळी त्यांचा राग आला, माझा आला, जगातल्या सगळ्या सोयऱ्यांचा आला.

"जयराजरावांना बोलाव," मी म्हणाले. "न्हाईतर मी त्येंच्या मावशीकडनं कंपनीत फोन लावते. बोलाव म्हणते न्हवं!"

बूथचं दार उघडल्याचा आवाज आला. मग जयराज. "बोला मामी."

"आवं जयराजराव, प्रियाच्या कानाला गाठ हाय. लग्नाच्या आदीपास्नं हाय. आमी लपवली. रोग न्हाई त्यो, मिरजंच्या डॉक्टरचा कागद हाय माज्याकडं. ती उद्या एका बाईकडनं चोरून सुई घेणार हाय, ती घेऊ दिऊ नगा. पोटुशी हाय ती. तिला चांगल्या दवाखान्यात न्या. काय राग असंल त्यो माज्यावर काडा."

एका दमात बोलले.

मग तो म्हणाला, "मावशीकडं फोन द्या."

मी रिसिव्हर लीलाबाईंच्या हातात दिला. त्या ऐकत होत्या, मधेच "व्हय," "आस्सं व्हय," एवढंच म्हणत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी देवळाबाहेर थांबावं तशी दाराशी उभी होते. शेवटी त्यांनी फोन ठेवला आणि त्यावरचं विणलेलं फडकं नीट केलं.

"काय म्हणालं?" मी विचारलं. "सुईचं काय?"

"घरातनं बाहीर सोडणार न्हाई म्हणतोय तिला. कसली सुई आन् काय."

"बरं झालं."

लीलाबाईंनी आता कुठे माझ्याकडे बघितलं. "बरं कसलं, बनुबाई? तिकीट काडतोय त्यो. तिचं एकटीचं. हिकडं यायचं, परत जायचं न्हाई."

मी परत "बरं झालं" म्हणाले आणि तिथंच खाली बसून रडायला लागले. लीलाबाई आत गेल्या आणि त्यांनी आतून दार लावून घेतलं.