शेवटच्या कडव्यातलं नाव

आम्रपाली ढोके पहिल्यांदा तालमीला आली आणि एक गाणं गाऊन खाली बसली, तेव्हा खोलीतले सगळे एकदम बोलायला लागले. गप्प राहिले ते फक्त भय्याजी रामटेके. पार्टी त्यांची, खोलीही त्यांच्याच कोहक्यातल्या घराची. भिलाई स्टील प्लांटच्या रोलिंग मिलमधून रिटायर होऊन त्यांना सात वर्षं झाली होती आणि भीमगीतांची पार्टी चालवत तीस. एवढ्या वर्षांत असा आवाज आपल्या पायांनी त्यांच्या दारात आला नव्हता. म्हणूनच त्यांना तो बरा वाटला नाही.

"कुठं शिकली?" त्यांनी विचारलं.

"कुठंच नाही, काकाजी. ऐकून ऐकून."

"माहेर कुठलं?"

"वडील रेल्वेत होते. बदल्याच लय झाल्या," ती म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

बाई पस्तिशीची असेल. सुपेल्यातल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायचं काम करायची, राहायला वैशाली नगर. नवरा कोरब्याला नोकरीत. एवढंच तिनं सांगितलं. माहेरचं आडनाव सांगितलं नाही, हे भय्याजींच्या लक्षात राहिलं.

दुसऱ्या रविवारी ढोलकीवाला नागसेन तालमीच्या आधीच आला आणि दार लोटून घेत म्हणाला, "भय्याजी, एक गोष्ट सांगतो. रायपूरच्या ऑर्केस्ट्रावाल्यानं दोनदा फोन केला तिले. लग्नाचा सीझन आहे, पैसा बी बरा. तिनं नाही म्हटलं. म्हणे मले भय्याजींच्याच पार्टीत गायचं आहे."

"कावून?"

"तेच तं! आपल्यापाशी काय आहे? दोन माइक अन् एक हार्मोनियम, तिचा बी एक सूर दबला. मले वाटते, कॉर्पोरेशनचं तिकीट पाहिजे तिले. आधी मोहल्ल्या-मोहल्ल्यात चेहरा दाखवायचा. नाही तं तुमचे गाणे उचलून सोताची पार्टी काढन."

भय्याजींनी मान हलवली. पण तिकिटाचं त्यांना खरं वाटलं नाही. तिकीट पाहिजे असलेला माणूस सगळ्यांशी गोड बोलतो. ही तर कोणाशी फारसं बोलतच नव्हती. कोपऱ्यात मांडी घालून बसायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. ते गात असताना तर डोळासुद्धा लववायची नाही.

आणि तिला एकच गाणं पुन्हा पुन्हा हवं असायचं.

त्या गाण्यावरच भय्याजींचं नाव झालं होतं. चौऱ्याण्णव साली नागपूरला त्याची कॅसेट निघाली. दुर्ग-भिलाईपासून गोंदियापर्यंतच्या विहारांमध्ये ते गाणं वाजलं, आणि अजूनही चौदा एप्रिलला त्याच्याशिवाय लोक त्यांना स्टेजवरून उतरू देत नसत.

*बाप रुळावर घाम गाळी, लेक गिरवते पाटी,*
*भीमराया, तू जागला होता आमच्यासाठी.*

मार्चमधल्या एका रविवारी ते गाणं संपल्यावर आम्रपालीनं विचारलं, "काकाजी, तुमी तं प्लांटात होते ना? मंग गाण्यातला बाप रुळावर कावून?"

"गाणं होय ते. सोताचीच कथा लिहाव लागते का?"

"नाही, वैसेही विचारलं," ती म्हणाली.

पण पुढच्या आठवड्यात तिनं पुन्हा तोंड उघडलं. या वेळी सगळे चहा पीत होते. भय्याजींच्या पत्नी गिरजाबाई कपबशा गोळा करत होत्या.

"काकाजी, शेवटच्या कडव्यात 'भय्याजी हो सांगे' असं येते. पूर्ण गाण्यात कुठंच असा भरीचा 'हो' नाही. तिथंच कावून टाकला? मतलब, तिथं नाव कमी पडते ना. दोन मात्रा कमी."

नागसेन हसला. "अरे, इतक्या वर्सात माह्या ध्यानात नाही आलं!"

भय्याजीही हसले. "त्या काळात असेच बसवत होते," म्हणाले. पण उरलेला चहा त्यांनी तसाच गिरजाबाईंकडे परत दिला.

कारण 'हो' त्यांनीच टाकला होता. त्या जागी मुळात 'मारोतराव सांगे' असे शब्द होते.

मारोतराव खोब्रागडे रेल्वेत गँगमन होता. भय्याजींच्याच वयाचा, त्यांचा जिवलग. तो लिहायचा, पण त्याला गाता येत नसे. चार लोकांसमोर उभा राहिला की त्याची जीभ अडखळायची. म्हणून तो लिहायचा आणि भय्याजी गायचे. त्याची डोंगरगढकडे बदली झाली त्याच महिन्यात कॅसेटचं ठरलं. स्टुडिओतल्या माणसानं विचारलं, कवी कोण? भय्याजी म्हणाले, मीच. एवढंच झालं होतं. कॅसेट निघाल्यावर दोन महिन्यांनी मारोतराव घरी आला, चहा प्यायला, मुलांची चौकशी केली आणि निघून गेला. गाण्याविषयी एक शब्द बोलला नाही. पुन्हा कधी आला नाही. काही वर्षांपूर्वी तो वारल्याचं कानावर आलं, तेव्हा भय्याजींनी दुखवट्याला जायचं टाळलं.

वडील रेल्वेत होते. बदल्याच लय झाल्या.

त्या रविवारपासून भय्याजी तिच्यावर लक्ष ठेवायला लागले. ती कोणाशी बोलते, मोबाइलवर काय रेकॉर्ड करते, कुठल्या ओळीला कान टवकारते. मारोतरावला एक लहान मुलगी होती, हे त्यांना अंधुक आठवत होतं. नाव काही आठवेना. एके दिवशी आम्रपाली गिरजाबाईंना मदत करायला स्वयंपाकघरात गेली, तेव्हा त्यांनी दाराकडे एक नजर टाकली आणि तिची वही उचलली.

पार्टीची सगळी गाणी तिनं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली होती. ते गाणं पहिल्याच पानावर होतं. शेवटच्या कडव्यात नावाच्या जागी तिनं काहीच लिहिलं नव्हतं. रिकामी जागा सोडून पुढे नुसतंच 'सांगे, पोरी, वाचत जा' एवढं होतं.

भय्याजींनी वही होती तिथं ठेवून दिली. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलं. चौदा एप्रिलला, हजार लोकांसमोर, माइक हातात आला की ही बाई ती जागा भरणार. त्यासाठीच तिनं ऑर्केस्ट्रा सोडला. त्यासाठीच ती कोपऱ्यात बसून त्यांचं तोंड बघत होती.

पुढच्या तालमीला त्यांनी ते गाणं कार्यक्रमातून काढून टाकलं. नागसेन भडकला, गिरजाबाईंनी कपाळावर हात मारला. आम्रपाली मात्र शांतपणे म्हणाली, "तेच गाणं कावून काढलं, काकाजी?"

"गळा साथ देत नाही आता."

"मी गातो ना. मले पाठ आहे."

"मले माहीत आहे तुले पाठ आहे," भय्याजी म्हणाले.

रात्रभर त्यांना झोप लागली नाही. तिच्याकडे काहीतरी असलं पाहिजे. मारोतरावच्या हातचा कागद, एखादी जुनी डायरी. ते काय आहे हे कळल्याशिवाय स्टेजवर चढण्यात अर्थ नव्हता. बुधवारी दुपारी, ती लॅबमध्ये असेल आणि घरचं दुसरं कोणी भेटेल अशी वेळ बघून, त्यांनी स्कूटर काढली आणि वैशाली नगर गाठलं. घर सापडायला अडचण आली नाही.

दार एका म्हाताऱ्या बाईनं उघडलं. तिनं डोळे बारीक केले आणि तिचा चेहराच उजळला.

"भाऊजी! भय्याजी भाऊजीच ना तुमी? या वो, या. किती वर्सांनी!"

मारोतरावची बायको वसुंधरा. भय्याजी 'जय भीम' म्हणाले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोखाली मारोतरावचा फोटो होता, रेल्वेच्या खाकी गणवेशातला.

"आमची आम्रपाली तुमच्याच पार्टीत येते म्हणून मले लय बरं वाटलं," वसुंधराबाई म्हणाल्या. "तिच्या बापाले बी बरं वाटलं असतं."

"मारोतरावचं लिहिलेलं काही आहे का, वहिनी? वही, कागद?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"कुठचं, भाऊजी! डोंगरगढच्या क्वार्टरात पेटीले वाळवी लागली. सगळा भुसा झाला. अन् नंतर त्यायनं लिहिलंच नाही. तुमची कॅसेट आली ना, त्या सालापासून पेनच धरला नाही. मी म्हणो, लिहा ना काही. तं म्हणे, ड्युटीनं हात दुखतात."

वाळवी लागली. भय्याजींच्या छातीवरचा दगड एकदम खाली उतरला. कागद नव्हता, साक्षीदार नव्हता, काहीच नव्हतं. आता कोणी काहीही म्हणो, ते सिद्ध होणार नव्हतं. पेन धरला नाही हे वाक्य त्यांनी ऐकलं होतं, पण ते अजून आत पोचलं नव्हतं.

"एक गोष्ट विचारू का, भाऊजी?" वसुंधराबाई चहा ठेवायला उठता उठता थांबल्या. "पोरगी तिसरीत होती. शाळेत गाण्याचा कार्यक्रम झाला, तं हिनं बाईले सांगितलं, हे गाणं माह्या बाबाचं आहे. पोट्टे हसले. बाईनं ह्यायले बोलावून घेतलं. ह्यायनं सगळ्यांसमोर सांगितलं, पोरगी खोटं बोलते, गाणं भय्याजींचं आहे. हिले छडी बसली. घरी येऊन ही रडे अन् म्हणे, बाबा, तुमी तं घरी सोताचं नाव घेऊन म्हणत होते. ह्यायनं जवाब दिला नाही. मरेपर्यंत दिला नाही. मी कधी ऐकलंच नव्हतं, मी काय सांगू तिले?"

बाहेर फाटक वाजलं. दुपारच्या सुट्टीत घरी आलेली आम्रपाली आत शिरली आणि दारातच थांबली. खुर्चीवर भय्याजींना बघून तिला नवल वाटलं नाही.

"मले माहीत होतं, तुमी येसान," ती म्हणाली. "वही जागेवर ठेवली, पण उलटी ठेवली होती."

भय्याजी उठून उभे राहिले. "तू स्टेजवर नाव घेणार होती ना?"

"कोणाचं?" तिनं पर्स खाली ठेवली. "सच बोलू का, काकाजी? मले माहीतच नाही कोणाचं घ्यायचं. म्हणून तं जागा सोडली. आठ वर्साची होती मी. ऐकलं होतं का सपन पाहिलं होतं, आता मलेच समजत नाही. विचारायले बाबा नाही, कागद नाही. तुमीच एकटे उरले. तुमच्यापर्यंत पोचाले मी गाणं शिकली. शौक नव्हता मले. तुमच्या समोर बसून, तुमचं तोंड पाहून, समजलं तं समजलं, असं वाटलं. बस, एकच सांगा. मी खोटी होती का?"

वसुंधराबाई हातात गाळणी घेऊन उभ्या होत्या. भय्याजींनी आता नुसतं 'हाव, खोटी होती' म्हटलं की पुरे होतं. तिनं ते मानलं असतं. बापानं सांगितलेलंच त्यांनी सांगितलं असतं, आणि ही बाई उद्यापासून तालमीला आली नसती. शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आलाही. तेवढ्यात, पेन धरला नाही हे मघाशी ऐकलेलं वाक्य त्यांच्या आत पोचलं.

"तू खोटी नव्हती," ते म्हणाले. "गाणं मारोतरावचं. एक एक ओळ त्याचीच. मी त्याचं नाव काढलं अन् माहं टाकलं."

वसुंधराबाईंनी गाळणी खाली ठेवली. मग आम्रपाली खाली बसली, भिंतीला पाठ टेकवून, आणि तिचा चेहरा एखाद्या लहान पोरीसारखा वेडावाकडा झाला.

"मंग बाबानं मले खोटी कावून म्हटलं?"

"माही इज्जत राहावी म्हणून," भय्याजी म्हणाले.

"तुमी जा," ती म्हणाली. "आता जा तुमी."

चौदा एप्रिलला ती आली नाही. भय्याजींनी ते गाणं पुन्हा घेतलं. गायच्या आधी त्यांनी माइकवर सांगितलं, की हे गाणं मारोतराव खोब्रागडे यांचं आहे, मी तीस वर्षं चोरून गायलो. आधी लोकांना ती गंमत वाटली. मग मागून कोणीतरी ओरडलं, तर कोणी खुर्ची सरकवून उठलं. गाणं झालं तेव्हा टाळ्या पडल्या की नाही, हे त्यांना नंतर आठवेना. त्या महिन्यात ठरलेले तीन कार्यक्रम हातचे गेले. नागसेन म्हणाला, "सांगायचंच होतं तं आमाले आधी सांगाव लागत होतं." ढोलकी घेऊन तो दुसऱ्या पार्टीत गेला.

गिरजाबाई आठ दिवस फक्त जेवायला वाढण्यापुरतं बोलल्या. नवव्या दिवशी म्हणाल्या, "तीस वर्सं मी बायांमधी मिरवली. भय्याजीची बायको म्हणून माइकवर नाव घेऊन, साडी देऊन सत्कार केला त्यायनं माहा. आता त्या साडीचं काय करू, सांगा."

मे महिन्याच्या शेवटी सुपेल्याच्या बाजारात भय्याजी भाजी घेत होते. कोणीतरी "काकाजी" म्हणून हाक मारली. आम्रपाली होती, लॅबच्या पांढऱ्या कोटात. ते थांबले.

"बाबा हसत होते का?" तिनं एकदम विचारलं. "घरी कधी हसताना पाहिलं नाही मी."

"लय हसे," भय्याजी म्हणाले. "हसला का त्याले ठसका लागे. यमक जमलं नाही का सोतालेच शिव्या दे."

मागून एका ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, तशी ती बाजूला सरकली.

"रायपूरवाल्याले हो म्हटलं मी," ती म्हणाली. "शनिवारी एक लग्न आहे. हिंदी गाणे, नाचायचे."

"तुले आवडते का ते?"

"माहीत नाही, काकाजी. आतापर्यंत तं तुमच्यासाठीच गात होती. आता पाहतो, मले गायले मजा येते का नाही."

तिनं हातातल्या पिशवीतली नमुन्यांची डबी सरळ केली आणि गर्दीतून रस्ता काढत लॅबकडे निघून गेली.